भर उन्हात पारखून घेतलेली जुनी कोल्ड रूम

संत्रा बर्फी वर्षभर करायची, तर संत्र्याचा गर साठवून ठेवावा लागतो आणि त्यासाठी उणे १८ अंश सेल्सिअस तापमान अखंड टिकवणारी खोली लागते. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बाजारात येतो. पुढचे महिने आमचे काम या साठ्यावरच चालते. नागपूरच्या नंदनवन भागातील आमचा कारखाना वाढवताना कोल्ड रूम, डीप फ्रीजर, काचेच्या दाराचा व्हिजी कूलर आणि पॅकिंगच्या खोलीसाठी एसी हे सारे नवे घेणे परवडणारे नव्हते. म्हणून वापरलेली यंत्रे पाहायची असे ठरले, आणि ती मी मुद्दाम एप्रिल-मे महिन्यांत पाहिली.

थंड करणारे यंत्र प्रत्यक्षात आतली उष्णता उचलून बाहेर टाकत असते. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितके हे काम जड जाते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे नेहमीचे आहे आणि २३ मे २०१३ रोजी तर तो ४७.९ अंशांवर गेला होता. फ्रीजच्या नेमप्लेटवर हवामानाच्या वर्गाचे ‘टी’ हे अक्षर असेल, तर तो ४३ अंशांपर्यंतच्या परिसरासाठी बनवलेला असतो. म्हणजे कागदोपत्री सर्वांत कणखर असलेले यंत्रही आपल्याकडच्या दुपारी मर्यादेपलीकडे राबत असते. विक्रेते बहुधा सकाळी दहाला बोलावत. मी दुपारी दोननंतरची वेळ मागत असे, आणि ती वेळ नाकारणाऱ्याकडे पुन्हा गेले नाही.

सर्वाधिक वेळ कोल्ड रूमने घेतला आणि तो तिला द्यायलाच हवा होता. वर्धा रोडवरील एका बंद झालेल्या हॉटेलातील खोली दिसायला देखणी होती, भावही बरा होता. ती भाजी आणि दूध ठेवण्यासाठी, म्हणजे २ ते ८ अंशांसाठी बांधलेली होती. “ताई, काटा मायनसवर फिरवला की झालं,” असे विक्रेत्याने सांगितले. आमची यंत्रे अनेक वर्षे सांभाळणारे मिस्त्री काका माझ्यासोबत होते. त्यांनी भिंतीच्या पॅनेलची जाडी टेपने मोजली, कूलिंग कॉइलच्या मागे टॉर्च मारून पाहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “काटा फिरवून खोली मायनसची होत नसते.” पॅनेल ६० मिलिमीटरचे होते, उणे १८ साठी साधारण १०० मिलिमीटरचे पीयूएफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम भरलेले) पॅनेल लागते, नाहीतर भिंतींना बाहेरून पाणी सुटते आणि कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. कॉइलवर बर्फ वितळवणारा डिफ्रॉस्ट हीटर नव्हता. शून्याखाली त्या कॉइलवर बर्फाचा थर चढत गेला असता आणि पंख्याची हवाच अडली असती. शिवाय प्लसच्या, म्हणजे शून्यावरच्या तापमानासाठी बांधलेल्या खोलीचा कॉम्प्रेसर इतक्या खालच्या तापमानाला आपली बरीचशी क्षमता गमावतो. नवख्या खरेदीदाराला या तिन्ही गोष्टी सहसा कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही शेवटी घेतलेली खोली हिंगणा एमआयडीसीतील एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या गोदामातील होती. पॅनेल १०० मिलिमीटरचे, कॅम-लॉकने जोडलेले, त्यामुळे न तोडता सुटे करता येण्याजोगे, आणि यंत्रात फिरून उष्णता वाहून नेणारा गॅस आर-४०४ए. येथे आम्ही रिकामी खोली थंड होताना पाहून समाधान मानले नाही, कारण रिकाम्या खोलीतली हवा लवकर थंड होते आणि त्यावरून यंत्राच्या ताकदीचा काहीच अंदाज येत नाही. पाण्याचे कॅन भरून आत ठेवले आणि आमचा स्वतःचा थर्मामीटर कॅनच्या मधोमध खुपसला. दारावरच्या डिजिटल आकड्यावर मी विसंबले नाही; तो हवेचे तापमान दाखवतो, मालाचे नाही. मिस्त्री काकांनी तारेभोवती क्लॅम्प मीटर लावून यंत्र किती वीज ओढते ते अॅम्पिअरमध्ये मोजले आणि नेमप्लेटशी ताडून पाहिले. आकडा फार वर गेला तर यंत्र दमलेले असते हे बहुतेकांना ठाऊक असते. पण तो फार खाली असेल तर गॅस कमी आहे किंवा कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह झिजले आहेत, अशी शंका घ्यायला हवी.

गळतीची तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यंत्र दाखवण्याच्या दिवशी गॅस भरून दिला, तर बारीक गळती तासाभरात कळून येत नाही. गॅसबरोबर तेलही झिरपते, म्हणून पाईपच्या प्रत्येक ब्रेझिंगच्या (धातू वितळवून जोडलेल्या) सांध्यावर पांढरे कापड फिरवून तेलकट डाग पाहिले. एका सांध्यावर डाग आला. तेव्हा गॅस काढून घेऊन सांधा नव्याने ब्रेझ करावा, नायट्रोजनचा दाब भरावा आणि गेजचा काटा दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहावा, असा आग्रह मी धरला. वेळ तीच ठेवणे आवश्यक होते, कारण उन्हाने पाईप तापले की दाब आपोआप वाढतो आणि सकाळ-दुपारच्या आकड्यांची तुलना फसवी ठरते. दाब टिकला आणि सौदा झाला.

खोली सुटी करताना प्रत्येक पॅनेल दोघांनी उचलून पाहिले. दोन पॅनेल बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जड लागले. हूक ठोकण्यासाठी पत्र्याला पाडलेल्या भोकांतून आत ओल शिरून फोम भिजला होता. भिजलेला फोम उष्णता अडवत नाही, म्हणून त्या पॅनेलची किंमत वजा करून घेतली आणि ते नवे बसवले. तेथील कामगार पाईप कापून गॅस हवेत सोडायला निघाले होते. ते मी होऊ दिले नाही. एक किलो आर-४०४ए वातावरणात सोडणे म्हणजे तापमानवाढीच्या हिशेबाने जवळपास चार टन कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. गॅस सिलिंडरमध्ये भरून घ्यायला थोडा वेळ लागतो, एवढेच.

फ्रीजरच्या बाबतीत एकच गोष्ट सांगावीशी वाटते. आइस्क्रीम आणि शीतपेयांच्या कंपन्या दुकानदारांना वापरायला देतात ते फ्रीजर आणि कूलर बहुधा कंपनीच्याच मालकीचे असतात. स्वस्तात मिळणाऱ्या एका कूलरच्या मागे मालमत्तेचा क्रमांक असलेली पट्टी खरवडून काढल्याच्या खुणा दिसल्या. तो सौदा आम्ही तेथेच सोडला. घेतलेल्या प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक बिलावर लिहून घेतला आणि त्यावर कर्ज नसल्याचे विक्रेत्याकडून लेखी घेतले.

एसी मात्र नवेच घेतले. पॅकिंगच्या खोलीत पाण्यावर चालणारा घरगुती कूलर चालत नाही, कारण त्याच्या दमट हवेने बर्फीला बुरशी धरते. छतात बसवायचे जुने कॅसेट एसी बरेच पाहिले, परंतु त्यांतील बहुतेक आर-२२ वर चालणारे होते. ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या माँट्रियल करारानुसार हा गॅस टप्प्याटप्प्याने बाद होत असून भारतात १ जानेवारी २०२५ पासून त्यावर चालणारी नवी यंत्रे बनवता येत नाहीत, म्हणजे पुढे गॅस मिळणे कठीण आणि महाग होत जाणार. काही ठिकाणी आर-२२ च्या यंत्रात परस्पर ज्वलनशील गॅस भरून देतात, आणि जेथे भट्टी पेटलेली असते तेथे हा धोका मला पत्करायचा नव्हता. विजेचा हिशेबही नव्याच्या बाजूने गेला: जुने यंत्र एक किलोवॅट जास्त ओढत असेल आणि दिवसाला १६ तास चालत असेल, तर महिन्याला ४८० युनिट वाढतात, तेही व्यावसायिक दराने. महावितरणकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज करताना हे आकडे कामी आले. नवे एसी आर-३२ गॅसचे असून त्यांची आउटडोअर युनिट पश्चिमेचे ऊन टाळून उत्तरेकडच्या भिंतीवर, वर पत्र्याची सावली करून बसवली आहेत.