खुंटावरचं लिंबू

मोसंबीचं एक झाड म्हणजे खरं तर दोन झाडं, हे जालन्याबाहेरच्या माणसाला सांगावंच लागतं. खाली खुंट, वर मोसंबी. रोपवाटिकेत आधी रंगपूर नाहीतर जंबेरी या लिंबासारख्या आंबट फळांच्या झाडाचं रोप बियांपासून वाढवतात. खोड पेन्सिलीएवढं झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्यात मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरतात. पुढं सगळा मान वरच्या झाडाला. जालना मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. खालच्या रंगपूरला मात्र कोणी विचारत नाही. खुंटाला फुटवा आला की पानसोट म्हणून छाटायचा, संपलं.

२०१२-१३च्या दुष्काळात आमच्या अंबड भागात बागाच्या बागा वाळल्या. कोणी टँकर लावून जगवल्या, कोणी तोडून सरपणाला विकल्या. आमच्या विहिरीकडच्या कडेला एका झाडाची मोसंबी वाळून गेली, पण खुंट जित्ता राहिला आणि पावसाळ्यात तरारून फुटला. भाऊजी म्हणाले, "दादा, रंगपूर हाय ते, काढून टाकू." मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "राहू दे, काय खायला मागतंय का?" राहिलं. आता दर हिवाळ्यात ते लगडतं. पाहुणे संत्री समजून सोलून तोंडात टाकतात, आणि आत्या, म्हणजे सासूबाई, पदरात तोंड लपवून हसतात. आधी सांगायचं नाही, हा आमच्या घरचा अलिखित नियम आहे.

चूक पाहुण्यांची नाही. फळ कागदी लिंबापेक्षा थोडं मोठं, पिकल्यावर पक्कं नारिंगी. साल पातळ आणि सैल, नखानं सुटते. आत फोडीही संत्र्यासारख्या, रस नारिंगी. वास घ्याल तर संत्रं, जिभेवर ठेवाल तर लिंबू. याची आई संत्र्याच्या कुळातली आणि बाप महाळुंग (जाड सालीचं, लिंबाच्याच कुळातलं मोठं फळ), असं शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून सांगितलंय. कागदी लिंबाचाही बाप महाळुंगच, म्हणजे लिंबाशी त्याचं नातं सावत्र भावाचं. नाव बांगलादेशातल्या रंगपूरवरून आलेलं. तिकडं ब्राझीलमध्येही हे खुंटाला वापरतात, आणि घरात रस काढून पितातही. आपण नुसतं पहिलंच शिकलो.

माझ्या स्वयंपाकात त्याची पहिली जागा सुशीला, म्हणजे आमच्याकडचा चुरमुऱ्यांचा नाश्ता. चुरमुरे भिजवून पिळून घ्यायचे, शेंगदाणे-मिरची-कढीपत्त्याची फोडणी, वरून डाळव्याचं कूट, आणि गॅस बंद केल्यावर अर्धं रंगपूर. कागदी लिंबाचा आंबटपणा टोचतो, हा पसरतो. शिवाय संत्र्याचा वास येतो, तो कोथिंबिरीशी फार छान जुळतो. साध्या वरणावरही चालतं. येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) घातलेल्या आमटीत मात्र घालू नका. तिथं मसाल्यापुढं त्याचा वास टिकत नाही, उगाच वाया जातं. तिथं चिंचच हवी. आणि कशातही घाला, रस उकळायचा नाही. वास उडतो आणि मागं नुसता कडवटपणा उरतो. पिळताना बी चिरडलं तरी तेच, म्हणून मी गाळणीवर पिळते.

पण याचं खरं सोनं होतं ते गोड लोणच्यात. आत्यांची पद्धत अशी: फळं धुवून, पुसून, घोंगडीवर पसरून अगदी कोरडी करायची. डेखाकडचा भाग काढून आठ फोडी, बिया टोकदार सुरीनं उपसून काढायच्या (कंटाळवाणं काम, बिया पुष्कळ असतात). मीठ-हळद लावून चिनीमातीच्या बरणीत भरायचं, तोंडाला फडकं बांधून रोज उन्हात. स्टीलच्या डब्यात नाही. साल पातळ असल्यानं कागदी लिंबाच्या आधी मऊ पडते. फोड बोटांत दाबल्यावर सहज चेपली की गूळ आणि तिखट. गूळ विरघळून पाक सुटला की झालं. फोडणी नाही, तेल नाही. उपवासाला भगरीबरोबर हवं असेल तर हळद वगळायची. बाजरीच्या भाकरीशी खाल्लं तर भाजी लागत नाही.

सरबतही मस्त होतं, पण अडचण अशी की उन्हाळ्यात, लिंबाचे भाव डोळ्यांत पाणी आणतात तेव्हा, झाडावर एकही फळ नसतं. म्हणून जानेवारीतच रस काढून बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवते.

कोणाला लावायचं असेल तर रोपवाटिकेत डोळा न भरलेलं रंगपूर मागा. रोपवाला दोनदा विचारेल, "कलम नको?" नकोच म्हणा. बी लावलं तरी चालतं, बहुतेक रोपं आईसारखीच निघतात. जंबेरी देत असेल तर घेऊ नका. तिचं फळ पिवळं, खडबडीत, जाड सालीचं, लोणच्याला कामाचं नाही. आणि रंगपूर अंगणातल्या वाटेवर लावू नका, काटे असतात. बांधावर लावा.