३०० डॉलरचं खरेदीखत

अमळनेर, १० नोव्हेंबर, रात्र

अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मलेल्या हॅरिएट जेकब्सची हकिकत वाचून झाली, पण मन एका कागदापाशीच अडलंय. १८५२ साली न्यूयॉर्कमध्ये ती ज्यांची मुलं सांभाळायची, त्या कॉर्नेलिया विलिस यांनी ३०० डॉलर भरून तिला गुलामीतून सोडवलं. हॅरिएटनं आधीच नको म्हणून कळवलं होतं. विलिसबाईंचे उपकार तिनं मानले, पण त्या खरेदीखताचा तिला संताप आला. ती ज्यांची कधी नव्हतीच, त्यांना तिचे पैसे का मिळावेत? तिचा संताप मला शंभर टक्के पटतो.

ती १८१३ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडेंटनला जन्मली. मालकीण वारली तेव्हा ही पोर मृत्युपत्रानं तीन वर्षांच्या भाचीच्या नावे झाली आणि ताबा गेला भाचीच्या बापाकडे, डॉक्टर नॉरकॉमकडे. तो तिच्या मागे लागला. ती बधली नाही. तिला दुसऱ्या एका गोऱ्यापासून दोन लेकरं झाली, पण आई गुलाम तर लेकरंही गुलाम, असा कायदा.

१८३५ मध्ये ती पळाली आणि लपली आजीच्याच घरी, कोठीवरच्या माळ्यात. ९ फूट लांब, ७ रुंद, उंची जास्तीत जास्त ३ फूट. बसल्या जागी ताठ होता येत नाही, उन्हाळ्यात छत तापतं, पावसात गळतं. अशी जवळजवळ सात वर्षं! तिथूनच ती नॉरकॉमला पत्रं लिहायची आणि ती न्यूयॉर्कहून टपालात पडतील अशी सोय करायची, म्हणजे त्यानं तिला तिकडे शोधत बसावं.

कापसाच्या वेचणीवरून आलेल्या आईला हे सांगितलं. तिनं आधी विचारलं, "मंग ती तिना पोरेसले भेटे कशी?" भेटत नव्हती. गिरमिटानं फळीला भोकं पाडून खाली खेळणारी लेकरं नुसती बघायची. आईनं नॉरकॉमला अहिराणीत सणसणीत शिव्या घातल्या.

आपल्याकडे अमेरिकेतली यादवी आठवतात ती कापसाच्या भावासाठी. १८६१ ते १८६५ तिकडचा कापूस अडला आणि खान्देशातल्या कपाशीला तेजी आली. हे अभिमानानं सांगतात. सांगावं, पण तो तिकडचा कापूस कोणाच्या हातांनी वेचला जायचा हेही त्याच दमात सांगायला हवं. जोतीरावांना ते दिसत होतं. १८७३ साली 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली.

त्या झटणाऱ्यांत हॅरिएटही होती. १८६१ मध्ये तिनं लिंडा ब्रेंट या नावानं आपली कहाणी छापली. मग १८४२ मध्ये बोटीतून निसटलेली हीच बाई युद्ध चालू असताना पुन्हा दक्षिणेकडे, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला, गुलामीतून सुटून आलेल्या निर्वासितांत काम करायला गेली. १८६४ मध्ये तिथं शाळा निघाली. ताबा गोऱ्या मिशनऱ्यांकडे की मुक्त झालेल्यांकडे, असा वाद झाला, तेव्हा लोकांनी शाळा आपल्याच हातात ठेवली आणि हॅरिएटची लेक लुइझा तिथं शिकवू लागली. हे आईला सांगायचं राहिलं. उद्या वेचणीला निघण्याआधी सांगते.