हँगरमधलं हॅम स्टेशन आणि वैमानिकाचा हेडसेट

जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाची रंगीत तालीम होती आणि नियंत्रण कक्ष थाटला होता आमच्या धावपट्टीवरच्या हँगरमध्ये. वीज गेली, मोबाइल बंद पडले असं धरून चालायचं आणि हॅम मंडळींनी, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांनी, ७ मेगाहर्ट्झवरून तालुक्यांशी संपर्क ठेवायचा. बेत चांगला होता. पण कुणीतरी जनरेटर थेट दारात आणून ठेवला, आणि नेमकं त्याच सकाळी आमच्या मेकॅनिकने सेसना १७२ हे छोटं विमान ग्राउंड रनला, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून बघायला काढलं. रेडिओवर बसलेले काका वीज मंडळातून निवृत्त झालेले, व्हीयू२ने सुरू होणाऱ्या भारतीय कॉलसाइनचे मुरलेले हॅम. साधा हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून त्यांचं चाललं होतं, "पुन्हा सांगा, पुन्हा सांगा!"

मी तिथला एव्हिऑनिक्सचा, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. मला बघताच म्हणाले, "अरे, ते तुमचे पायलट घालतात ना, तसला एक दे की. पिन बदलली की झालं."

कपाटात डेव्हिड क्लार्क कंपनीचा एच१०-१३.४ हेडसेट पडून होता, विमानातून कायमचा काढलेला. चालू विमानाचा हेडसेट मी असल्या उद्योगाला कधीच देत नाही. एकदा उघडून छेडछाड केलेली वस्तू परत कॉकपिटमध्ये जाता कामा नये. हे मॉडेल बाहेरचा आवाज नुसत्या कानाच्या डब्यांनी अडवतं, बॅटरी लागत नाही; कंपनी २३ डेसिबलची घट सांगते. काकांनी डोक्यावर चढवला आणि त्यांचा चेहराच उजळला.

पण पिन बदलून भागत नाही. या हेडसेटला दोन पिना. कानाची ६.३५ मिलिमीटरची, माइकची जरा बारीक, ५.२३ मिलिमीटरची. कानाकडचं काम सोपं. हॅम रिग, म्हणजे रेडिओ संच, ८-१६ ओहमच्या हेडफोनसाठी बनवलेला असतो, विमानी हेडसेट शेकडो ओहमचा. आवाज थोडा कमी येतो, तेवढा व्हॉल्यूम वाढवायचा. खरी मेख माइकमध्ये. जुन्या विमानांत कार्बन माइक असत. त्यांतून वीज खेळवावी लागे आणि ते सिग्नलही दणदणीत देत. पुढे माइकची जात बदलली, पण विमानांतले रेडिओ थोडेच बदलणार? म्हणून आजच्या माइकच्या पोटात एक छोटा ॲम्प्लिफायर बसवतात, जो कार्बन माइकचं सोंग घेतो. त्याला साधारण ८ ते १६ व्होल्ट द्यावे लागतात, तेही रेझिस्टरमधून. बदल्यात तो शेकडो मिलिव्होल्ट देतो, आणि हॅम रिगच्या माइक इनपुटला हवे असतात जेमतेम काही मिलिव्होल्ट.

काकांच्या आयकॉम कंपनीच्या रिगला माइकच्या आठ पिनी सॉकेटवर ८ व्होल्ट मिळतात, पण १० मिलिअँपच्या वर ओढायचे नाहीत. माइकची भूक त्याच्या काठावर जाते. म्हणून मी सरळ १३.८ व्होल्टच्या सप्लायवरून रेझिस्टर घालून वीज घेतली, खरखर येऊ नये म्हणून मोठा कपॅसिटर टाकला. डीसी अडवायला दुसरा कपॅसिटर, पुढे सिग्नल पाडायला रेझिस्टरची जोडी आणि एक प्रीसेट, म्हणजे पेचकसाने फिरवून पातळी ठरवायचा छोटा रेझिस्टर. सगळं साबणाच्या प्लास्टिक डबीत कोंबलं. बोलायचं बटण हेडसेटवर नसतंच, ते विमानाच्या योकवर, म्हणजे वैमानिकाच्या हातातल्या सुकाणूवर असतं. काका ते शोधत वायर चाचपत बसले! शेवटी डोअरबेलचं बटण टेबलाला टेपने चिकटवून दिलं. व्हॉक्स, म्हणजे आवाज ऐकून रिगने आपोआप प्रक्षेपण सुरू करायची सोय, लावू म्हणत होते, पण जनरेटरच्या शेजारी व्हॉक्स म्हणजे रिग दिवसभर बोलतच राहणार.

पहिल्याच कॉलला तालुक्याच्या ताई म्हणाल्या, "काका, आवाज फार दबका येतोय." मी प्रीसेट फिरवायच्या आधी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. माइक हनुवटीखाली. हा माइक पुढून-मागून दोन्हीकडून ऐकतो. लांबचा गोंगाट दोन्ही बाजूंना सारखाच पोचतो आणि कटतो, ओठांचा आवाज एकाच बाजूला जोरात लागतो. त्यासाठी तो ओठांपासून पाच-सहा मिलिमीटरवर हवा. बोटभर लांब गेला की बोलणंही गोंगाटातच जमा होतं. त्यात कान बंद झाल्यावर गोंगाटातही माणूस हळू बोलायला लागतो, कारण त्याच्यापुरता गोंगाट संपलेला असतो. विमानात इंटरकॉममधून स्वतःचा आवाज कानात येतो, इथे तोही नाही. माइक ओठांजवळ आणला, स्वतःचं बोलणं कानात ऐकवणारा रिगचा मॉनिटर चालू केला आणि काकांचा सूर लागला.

मग त्यांनी पॉवर पूर्ण १०० वॉटवर नेली, आणि ताईंकडून उत्तर आलं, "काही कळत नाही, सगळा आवाज भरडला जातोय." १० वॉटवर स्वच्छ, १०० वर चिंध्या. अँटेनाऐवजी डमी लोड, म्हणजे पॉवर जिरवून टाकणारा रेझिस्टर, लावून पाहिला तर १०० वॉटवरही स्वच्छ. म्हणजे जोडणी बरोबर होती. अँटेनातून निघणारी आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींची ऊर्जा, माइकच्या वायरीतून शिरून त्या पोटातल्या ॲम्प्लिफायरला छळत होती. विमानात अँटेना धातूच्या सांगाड्याबाहेर असते आणि रेडिओ काही वॉटचा. इथे तारेची अँटेना हँगरच्या छताच्या कैचीलाच बांधलेली, काकांच्या डोक्यावर.

साबणाची डबी रद्द केली. सर्किट पत्र्याच्या डब्यात नेलं, डबा रिगच्या अर्थिंगला जोडला. माइकच्या तारेपासून डब्याला १०२ नंबरचा, म्हणजे १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, पाय अगदी आखूड कापून. वायरीचे वेढे फेराइट कड्यातून घेतले, आणि अँटेनाचं टोक कैचीवरून सोडवून समोरच्या खांबावर नेलं. कशाने किती फरक पडला ते वेगवेगळं तपासायला वेळ कुणाला होता? १०० वॉटवर ताई म्हणाल्या, "फाइव्ह नाइन, आणि जनरेटर बंद केलात का?" फाइव्ह नाइन म्हणजे स्पष्ट आणि जोरदार. जनरेटर दारातच धडधडत होता.

दुपारी जेवणाच्या डब्यावर काकांनी पुढचा विषय काढला. त्यांच्याकडे लष्करी हेलिकॉप्टरचा एक हेडसेट आहे, एकच पिन, त्यावर चार पट्टे. त्यालाही हाच डबा चालेल का? नाही चालणार, म्हटलं. तसल्या हेडसेटमध्ये बहुतेक ५ ओहमचा डायनॅमिक माइक असतो. त्याला व्होल्टेज द्यायचं नाही, सिग्नलही पाडायचा नाही, उलट जरा वाढवावा लागेल. आधी मल्टिमीटरने माइकचा ओहम बघा आणि मगच सोल्डरचा डाग द्यायला घ्या.