अंगठा सुजला, पण रिपोर्ट नॉर्मल?

आज ओपीडीत जळगाव-भुसावळकडचे सुजलेले अंगठे बरेच. खान्देशातलं ऊन, घामाने अंगातलं पाणी कमी. गाऊटचा (सांध्यात यूरिक ॲसिडचे स्फटिक साचून होणाऱ्या संधिवाताचा) झटका यायला एवढं पुरू शकतं. हातातल्या रिपोर्टवर यूरिक ॲसिड ५.८, म्हणून 'गाऊट नाही' म्हणे! अहो, ऐन झटक्यात रक्तातली पातळी उतरलेली असू शकते. दुखणं बसल्यावर २-३ आठवड्यांनी पुन्हा तपासा. तरी शंका असेल तर सांध्यातलं पाणी सुईने काढून पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली बघायचं. सुईसारखे टोकदार स्फटिक दिसले की वाद मिटला.

दर डेसिलिटरला ६.८ मिग्रॅच्या वर यूरेट (म्हणजे रक्तातलं यूरिक ॲसिड) रक्तात नीट विरघळून राहत नाही, आणि थंड भागात आधी साचतं. म्हणून पायाचा अंगठा.

ॲलोप्युरिनॉल (यूरिक ॲसिड कमी करणारी गोळी) डॉक्टर बहुधा १०० मिग्रॅपासून (किडनी अधू असेल तर आणखी कमी) सुरू करून, पातळी ६ च्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवतात. सुरुवातीला झटके वाढतात, कारण साचलेले स्फटिक सुटायला लागतात. लोक नेमकी तेव्हाच गोळी सोडतात! पहिले ३-६ महिने सोबत कमी डोसचं कोल्चिसिन (झटके रोखणारं औषध) असतं ते याचसाठी. अंगावर पुरळ आलं तर मात्र गोळी थांबवून लगेच दाखवा.

अन् वरण-बट्टीला उगाच बदनाम करू नका. बिअर, कलेजी, गोड कोल्ड्रिंक आधी आवरा.