बसलेल्या स्प्रिंगा आणि आमची वाटचाल

आमच्या शेडमध्ये एका फळीवर बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे ओळीनं मांडलेत. आत सगळ्या मोडक्या, गंजक्या स्प्रिंगा. येणारं गिऱ्हाईक विचारतंच, "हे भंगार कशाला जपलंय ओ?" त्यातल्या एका डब्यावर खडूनं 'रशियन' लिहिलंय. जुन्या ट्रॅक्टरच्या स्प्रिंगा बनवायचा आमचा आजचा धंदा, त्याची सुरुवात त्या डब्यातून झाली.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. वडील गिरणीत फिटर. सोलापुरात १८७७ साली पहिली गिरणी उभी राहिली, पण वडिलांच्या वाट्याला गिरण्या बंद पडायचा काळ आला. देणी मिळायला वर्षं गेली, त्यावर न बोललेलंच बरं. त्यांनी अक्कलकोट रोडला भाड्यानं शेड घेतली, एक जुना लेथ घेतला आणि यंत्रमागाच्या स्प्रिंगा वळायला लागले. मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणांना स्प्रिंग लागते, चादरीच्या जकार्डला लागते, टॉवेलच्या डॉबीला लागते. सकाळी तुटलेला तुकडा घेऊन पोरगं सायकलवर यायचं आणि संध्याकाळच्या पाळीला माग चालू पाहिजे, असा मालकाचा निरोप असायचा. ड्रॉइंग कुणी कधी दाखवलं नाही. नमुना बघायचा आणि तसाच तुकडा काढायचा, एवढंच काम.

पुढं जुने माग मोडीत निघायला लागले, नव्या मागांचे सुटे भाग थेट बाहेरून यायला लागले. आठवड्यातले दोन दिवस लेथ झाकून ठेवायची वेळ आली.

अशात सांगोल्याकडचे एक डाळिंब बागायतदार टॉवेलात बांधून क्लचच्या स्प्रिंगा घेऊन आले. ट्रॅक्टर टी-२५, रशियातल्या व्लादिमिरच्या कारखान्याचा. दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन. रेडिएटरच नसल्यानं पाणी भरायची भानगड नाही आणि अंगानं अरुंद, त्यामुळं झाडांच्या ओळीत सहज फिरतो. ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांचा, म्हणून विकायचा नव्हता. सांगली, कोल्हापूर, पुणे सगळीकडं विचारून झालं होतं. सगळीकडं एकच उत्तर, "तो माल आता येत नाही."

आम्ही गिरणीच्या सवयीनं वागलो. व्हर्नियर (जाडी मोजायचं हत्यार) लावला, तार मोजली, वेढे मोजले, उंची घेतली आणि हुबेहूब सेट करून दिला. रिकामा ट्रॅक्टर झकास चालला. रोटाव्हेटर जोडून चढाला लावला तशी क्लच प्लेट घसरायला लागली, जळका वास सुटला. दुसऱ्या दिवशी ते परत आले. आवाज चढवला नाही. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मालक, जुनीच बरी होती की ओ." आजही ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

चूक साधी होती. जुनी स्प्रिंग 'बसलेली' असते. वर्षानुवर्षं दाब आणि क्लचची उष्णता खाऊन तिची मूळ उंची कमी झालेली असते. आम्ही त्या म्हातारपणाची नक्कल केली होती. तारेचंही तसंच. गंज खाल्लेली तार मोजली तर बारीक भरते, आणि स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं बदलतो. ४ मिलिमीटरच्या जागी बाजारातली ८ गेजची तार, म्हणजे ४.०६ मिलिमीटरची, घातली तर कडकपणा सहा टक्के वाढतो. ४.२ घातली तर जवळजवळ २२ टक्के. मग पेडल दाबणाऱ्याचा गुडघा संध्याकाळी बोलतो.

वडिलांनी मग उलटा प्रश्न विचारला. स्प्रिंग किती उंच होती ते सोड, ट्रॅक्टरमध्ये तिला जागा किती आहे आणि तिथं ती किती किलोनं ढकलायला पाहिजे ते सांग. जागा आम्ही सांगोल्याला जाऊन, क्लच उघडून मोजली. ढकल कळायला न वापरलेली एक तरी स्प्रिंग हवी होती. ती पंढरपूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या पेटीत मिळाली, ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळलेली. आमच्या नमुन्यापेक्षा चांगली अर्धं बोट उंच!

स्प्रिंग तपासायचं यंत्र परवडणारं नव्हतं. ड्रिल मशिनच्या टेबलावर किराणा दुकानातला वजनकाटा ठेवला, वर स्प्रिंग उभी केली आणि ड्रिलचं हँडल ओढून ती नेमक्या उंचीपर्यंत दाबली. काट्यावर आकडा आला. आजही छोटी कामं आम्ही तशीच तपासतो.

दुसरा सेट मुद्दाम उंच वळला. भट्टीत तापवून तारेतला ताण काढला, तोंडं घासली, मग प्रत्येक स्प्रिंग वेढ्याला वेढा भिडेपर्यंत चार-पाच वेळा दाबली. जेवढी बसायची तेवढी ती आमच्या टेबलावर बसली, आता ट्रॅक्टरात गेल्यावर आणखी बसणार नाही. मग काट्यावर जोड्या लावल्या, कारण एका बाजूच्या स्प्रिंगा जड निघाल्या तर प्रेशर प्लेट, म्हणजे क्लच दाबून धरणारी चकती, तिरकी उचलते. सेट लागला. ते डाळिंबाची पेटी घेऊन आले, पैसेही दिले, आणि गावोगावच्या जुन्या ट्रॅक्टरवाल्यांना आमचा पत्ता देत सुटले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एकाला सीटच्या स्प्रिंगा चकचकीत हव्या होत्या. झिंक प्लेटिंग करून आणलं, आणि रात्री डब्यात ठेवलेल्या दोन स्प्रिंगा सकाळी आपोआप तुटलेल्या! प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो. प्लेटिंग झाल्या झाल्या साधारण २०० अंशांवर काही तास भाजून तो बाहेर काढावा लागतो. तो सेट आम्ही स्वखर्चानं पुन्हा केला. आता कुणी चमक मागितली की मी आधी काळं तेल सुचवतो.

पैशाचं खरं सांगायचं तर एका क्लच सेटला जेवढा वेळ जातो तेवढ्यात मागाच्या पाचशे स्प्रिंगा निघतात. पण मागच उरले नाहीत, आणि या कामात घासाघीस करायला कुणी येत नाही. वडील आता शेडवर रोज येत नाहीत, आले की आधी डबे हलवून बघतात.

परवा लातूरहून एकजण डीटी-१४ या जुन्या रशियन ट्रॅक्टरच्या सीटची अर्धी स्प्रिंग घेऊन आले. उरलेली अर्धी कुठंय विचारलं, तर म्हणाले, बांधावर पडली असेल. शोधून आणा म्हटलं. गेलेत शोधायला.