नेव्हर कनेक्टेड

"चालू आहे की! इथे रनिंग लिहिलंय." अकाउंट्सच्या मॅडमनी स्क्रीनवर बोटच ठेवलं.

खरंच होतं. त्यांच्याकडे सर्व्हिस रनिंग, माझ्या डॅशबोर्डवर तेच मशीन 'नेव्हर कनेक्टेड'. अशी ११ मशीनं.

आमच्याकडे वाझू (Wazuh) आहे, सगळ्या मशीनच्या सुरक्षेवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर. प्रत्येक मशीनवरचा त्याचा एजंट, म्हणजे छोटा प्रोग्राम, सर्व्हरच्या १५१५ पोर्टवर (नेटवर्कचं एक दार) नाव नोंदवतो, किल्ली घेतो, मग १५१४ वरून खबर देत राहतो. फायरवॉलमध्ये १५१५ उघडलं, १५१४ राहिलं. पराक्रम अस्मादिकांचाच.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे हजेरीपटावर नाव आहे, पण पोरगं वर्गात आलंच नाही."

(मी दोन तास लॉग वाचत होतो.)

पोर्ट उघडल्यावर एकेक मशीन हिरवं झालं. पण ९ दिवस तो डॅशबोर्ड कुणी उघडलाच नव्हता. मीसुद्धा. तुमच्याकडे रोज कोण बघतं?