सोळा-सतराची मुलं, नर्मदेचा काठ, आणि सोबत मोठं कुणी नाही

दिवाळी आटोपली की इंदुरातल्या घराघरांत हा विषय निघतो. अकरावी-बारावीतल्या मुलांना नर्मदेच्या काठाने चालायचं असतं, आणि आई-बाबा, काका कुणीही सोबत नको असतात. जाऊ द्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र पूर्ण परिक्रमेला नाही. नदीचीच लांबी १३१२ किलोमीटर आहे, दोन्ही काठ चालायला महिनोन्महिने लागतात. या वयाला योग्य टप्पा म्हणजे दक्षिण तटावरचा ओंकारेश्वर ते रावेरखेडी. परिक्रमेच्या रिवाजाप्रमाणे नदी उजव्या हाताला राहते, वाटेतलं मोरटक्का गाव ओलांडलं की वर्दळ कमी होते, आणि तरीही गाडीरस्ता फार दूर जात नाही. शेवटी थोरल्या बाजीरावांची समाधी. चालायचे दिवस तीन, आणि एक दिवस हाताशी राखून ठेवायचा.

तिघं हवेत. एकाचा पाय मुरगळला तर दुसरा त्याच्याजवळ थांबतो आणि तिसरा गावात जातो. दोघांत हे जमत नाही. सहा-सात जण झाले की सहल होते, मग कुणीच वाटेकडे बघत नाही.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस चांगले. निमाड, म्हणजे नर्मदेकाठचा हा भाग, इंदूरच्या माळव्यापेक्षा उंचीने बराच खाली आहे, त्यामुळे इंदुरात स्वेटर लागत असला तरी तिथे दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे काठावर गारठा असतो. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून सकाळी सातला निघायचं आणि चारच्या आत मुक्कामी पोचायचं. पाठीवर ओझं घेऊन पायवाटेवर ताशी साडेतीन किलोमीटर होतात, वाळूत आणि नांगरलेल्या काळ्या रानात त्याहून कमी. दिवसाला पंधरा किलोमीटर पुरे. पहिल्या दिवशी तर मोरटक्क्यापर्यंतच जावं: रस्त्याने ते १२ किलोमीटर आहे, काठाने जरा जास्त.

पिशवीचं वजन अंगाच्या वजनाच्या दहा-बारा टक्के, पाण्यासकट. पंचावन्न किलोच्या मुलाला सहा किलो. त्यात दोन लिटर पाणी धरलं की सामानाला चारच किलो उरतात, म्हणजे अंगावरचे सोडून कपड्यांचा एकच जोड, हलकं पांघरूण, खाली अंथरायला प्लास्टिक, डोक्याला बांधायची बॅटरी, ताट-पेला आणि औषधं. पिशवीचा कमरपट्टा कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसायला हवा. तो पोटावर आला की सगळा भार खांद्यांवर जातो आणि दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. जड वस्तू पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर ठेवाव्यात.

टप्पा अर्धवट सुटतो तो बहुतेक वेळा पायांमुळे. नवे बूट घालून निघणं ही सर्वांत नेहमीची चूक. बूट अर्धा नंबर मोठे घ्यावेत, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात, आणि निघण्यापूर्वी त्यांतून निदान ऐंशी किलोमीटर चालणं झालेलं असावं. सुती मोजे घाम धरून ठेवतात, कातडी मऊ पडते आणि घासून फोड येतो. पातळ सिंथेटिक मोज्यांचे तीन जोड घ्यावेत आणि दुपारी न चुकता बदलावेत. टाचेवर गरम लागायला लागलं की त्याच जागी थांबायचं, पुढच्या गावात बघू म्हणायचं नाही. मोजा काढा, पाय पुसून पाच मिनिटं वाऱ्यावर धरा. चिकटपट्टीचा तुकडा कापून त्याचे कोपरे गोल करा, कारण टोकदार कोपरे मोज्यात अडकून सुटतात. टाच ताणून धरा आणि पट्टी मधून बाहेरच्या बाजूला दाबत नेऊन बसवा. सुरकुती राहिली तर काढून नवी लावा. त्या सुरकुतीखालीच फोड येतो. छोटा फोड फोडू नये. मोठा, चालू न देणारा असेल तर स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी तशीच ठेवावी, बेटाडीन लावून झाकावं.

दिवसाला तीन ते चार लिटर पाणी पोटात जायला हवं. हातपंपाचं किंवा नळाचं घ्यावं, क्लोरिनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावं. मैयाचं पाणी कितीही नितळ दिसलं आणि मनात कितीही श्रद्धा असली तरी घाटाखालचं पाणी तसंच पिऊ नये. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घालायचं. घट्ट केलं तर जुलाब वाढतात.

आता नदीबद्दल, आणि इथे आम्ही कसलीही सूट देत नाही. ओंकारेश्वरचं धरण या टप्प्याच्या वरच्या अंगाला आहे. वीजनिर्मिती सुरू झाली किंवा दारं उघडली की खालचं पाणी चढतं. सकाळी कोरडा असलेला खडक तासाभराने पाण्याखाली असू शकतो. एप्रिल २००५ मध्ये धाराजीच्या यात्रेत त्याही वरच्या इंदिरा सागर धरणातून सोडलेल्या पाण्याने अनेक यात्रेकरू वाहून गेले होते. म्हणून वाळवंटात किंवा खडकांवर झोपायचं नाही, धरणाचा भोंगा ऐकू आला की वर यायचं, आणि अंघोळ घाटाच्या कोरड्या पायरीवर बसून तांब्याने करायची. पोहता येणाऱ्यानेही. ओल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि दोन पायऱ्यांपुढे तळ लागत नाही.

नाला नदीला मिळतो तिथे गाळ गुडघ्यापर्यंत ओढतो. तिथून पार करण्यापेक्षा वर गावाकडे जाऊन पूल शोधावा. उंच काठ खालून पोखरलेला असतो, कडेपासून दोन-तीन मीटर आत चालावं. शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारींच्या केबली काठावरून पाण्यात जातात, कधी जोड उघडे असतात. त्यांना हात लावू नये, ओल्या पायाने ओलांडू नये. रानडुकरांसाठी पिकाभोवती वीजतार लावलेली असते, तिच्यामुळे अंधारात शेतातून चालणं जिवावर बेततं. चारच्या आत पोचण्याचा आग्रह मुख्यतः यासाठी.

मुक्काम आश्रमात किंवा धर्मशाळेत, निघण्यापूर्वी फोन करून. मुली असतील तर जिथे माताराम, म्हणजे साध्वी, राहतात किंवा कुटुंब आहे अशीच जागा ठरवावी. दारात ‘नर्मदे हर’ म्हणावं आणि आम्ही परिक्रमावासी नाही, फक्त एवढा टप्पा चालतोय, हे आधीच सांगावं. सदावर्त, म्हणजे फुकट मिळणारं जेवण किंवा शिधा, परिक्रमावासींसाठी असतं. जे टिक्कड (जाड रोटी) आणि डाळ मिळेल ते खावं, भांडी स्वतः घासावीत, निघताना दानपेटीत पैसे टाकावेत. यूपीआयवर विसंबू नये, पन्नास-शंभरच्या नोटा ठेवाव्यात. आधारची प्रत आणि आई-बाबांच्या सहीचं, फोन नंबर असलेलं संमतिपत्र प्रत्येकाकडे वेगळं हवं.

घरच्यांनी दिवसभर फोन करू नये. दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी सहा, एवढ्या दोनच वेळा, आणि फोन मुलांनी करायचा. सहाचा चुकला तर सातपर्यंत वाट बघावी, मग मुक्कामाच्या जागी विचारावं, तिथेही पोचले नसतील तर लगेच ११२ या आपत्कालीन नंबरला फोन. हा क्रम कागदावर लिहून दोन्हीकडे ठेवावा. तिघांपैकी एकाने ‘परत जाऊ’ म्हटलं की तिघंही परत, कारण विचारायचं नाही. लंगडत चालणं किंवा ताप असेल तर चर्चेची गरजच नाही.

सराव निघण्याआधी सहा आठवडे. भरलेली पिशवी घेऊन रविवारी आठ किलोमीटर, मग बारा, मग पंधरा. चढासाठी इंदुराजवळच्या रालामंडळ किंवा जानापावच्या टेकड्या. शेवटच्या आठवड्याआधी शनिवार-रविवार सलग चालावं, कारण पाय खरे बोलतात ते दुसऱ्या दिवशी.

रावेरखेडीला सकाळीच पोचावं. परतीसाठी बेडिया किंवा सनावदला यावं लागतं आणि सनावदहून इंदूरची बस मिळते. गावातून निघणारी शेवटची गाडी कितीला, हे आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणीच विचारून घ्यावं, आणि तिच्या आधीची पकडावी.